गेंड्यांची संख्या वाढली, वाट मात्र अडली

मा. संपादक,

एकशिंगी गेंड्याविषयी आपल्याकडे बातमी येते ती बहुधा शिकारीची किंवा पुराची. २०२२च्या गणनेत आसाममधील काझीरंगा राष्ट्रीय उद्यानात २,६१३ गेंडे आढळले. त्याआधी सप्टेंबर २०२१मध्ये आसाम सरकारने बोकाखात येथे सुमारे अडीच हजार शिंगे जाहीरपणे जाळली. शिंग म्हणजे आपल्या नखांतलेच केराटिन, औषध नव्हे, हे त्यातून ठणकावून सांगितले गेले, ते योग्यच झाले.

माझी काळजी वेगळी आहे. गेल्या हिवाळ्यात काझीरंगाच्या कोहोरा परिसरात गेलो असता वाटाड्याने गवतातला लेंड्यांचा कमरेएवढा ढीग दाखवला. अनेक गेंडे एकाच ठिकाणी येऊन लेंड्या टाकतात आणि शिकारी नेमके तेथेच दबा धरून बसत, असे तो म्हणाला. थोड्या अंतरावर महामार्गावरून मालमोटारी धडधडत होत्या. ब्रह्मपुत्रेला पूर आला, की सखल गवताळ भाग बुडतो आणि जनावरांना हाच रस्ता ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्या गाठाव्या लागतात. पूर हवाच, कारण गवत व तळी त्याच्याच गाळावर टिकतात. नको आहे ती टेकडीच्या वाटेवर उभी राहणारी हॉटेले आणि खाणी.

आरेच्या जंगलाला खेटून राहणाऱ्या आम्हा मुंबईकरांना जनावरांच्या वाटा अडवल्यावर काय होते, हे बिबट्यांनी पुरेसे शिकवले आहे. काझीरंगाला जाणाऱ्या पर्यटकांनी निदान आपले हॉटेल कोणाच्या वाटेत उभे आहे, हे आरक्षणापूर्वी विचारावे.

आपला,
एक वाचक, गोरेगाव, मुंबई