व्हेपवर बंदी आहे, पण त्यातल्या सेलचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पानटपरीवर चोरून विकल्या जाणाऱ्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. त्यांत निकोटिन असतं, कॉलेजची मुलं असतात, जप्त मालाची किंमत असते. आतल्या लिथियम सेलबद्दल मात्र चकार शब्द नसतो. मी अकरा वर्षं बॅटरी पॅक जोडतो आणि दुरुस्त करतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

मध्यंतरी शेजारच्या काकू मुलाच्या सॅकमध्ये सापडलेली एक कांडी घेऊन दुकानात आल्या. "पेन आहे म्हणतो. बघ रे जरा." उघडली. बोटाएवढा सेल, त्याला खेटून निकोटिनच्या अर्कात भिजलेला कापूस आणि बुडाशी माइकसारखा दिसणारा सेन्सर. झुरका ओढला की त्या ओढीनं सर्किट चालू होतं. चार्जिंगची पिन नाही, तरी सेल मात्र पुन्हा चार्ज होणाऱ्या जातीचाच. मुलाच्या मते कांडी "संपलेली" होती, मीटरवर ३.७ व्होल्ट, म्हणजे सेलमध्ये चार्ज शिल्लक!

गोल सेलच्या प्लसच्या टोपीखाली बारीक खाचा असतात. आत दाब वाढला की तिथली पातळ चकती फाटते आणि गॅस बाहेर पडतो. हा दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्हच म्हणा. माझ्या टेबलावर एकदा चेपलेला १८६५० सेल (१८ मि.मी. जाड, ६५ मि.मी. लांब) असाच गेला. आधी फुस्स आवाज, मग नेलपॉलिशसारखा गोडसर वास, मग वरचं प्लास्टिक आक्रसलं. चिमट्यानं उचलून वाळूच्या बादलीत टाकला आणि शटर वर करून बाहेर पळालो. तो धूर विषारी असतो.

मोकळ्यावर होता म्हणून एवढ्यावर निभावलं. तोच सेल धातूच्या बंद नळीत असता तर? परदेशात 'मेकॅनिकल मॉड' म्हणून व्हेपचा जो प्रकार मिळतो, त्यात नळी, सेल आणि बटण एवढंच असतं. शॉर्ट झाला तर करंट तोडणारं सर्किटच नाही. नळीला गॅस जायला भोकं नसली किंवा ती बुजलेली असली, की सगळा दाब टोकांवर येतो आणि टोक बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. आणि एक टोक ओढणाऱ्याच्या तोंडात! अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २०१७ च्या अहवालात २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना आहेत, १३३ जण जखमी. तोवर मृत्यूची नोंद नव्हती. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये माणसं गेली. त्या १९५ पैकी ६१ वेळा वस्तू खिशात होती. सुटा सेल आणि किल्ल्या एका खिशात ठेवू नका, किल्लीनं सेल शॉर्ट होतो, हे मी गिऱ्हाइकांना सांगून दमलो आहे.

तिकडे निदान गॅसची भोकं, बटणाचं लॉक, शॉर्टपासून संरक्षण यांवर बोललं जातं, व्हेपच्या बॅटरी-सर्किटच्या सुरक्षेसाठी यूएल ८१३९ नावाचं मानकही आहे. आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे आणि ती असावीच. पण चोरट्या मालाला कसलं मानक आणि कोण तपासणार? २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे. या कांडीचा उत्पादक शोधायचा कुठे?

घरात सापडलेली कांडी आईबाप लाजेपोटी कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकतात. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो आणि पेट घेऊ शकतो. जप्त मालाचीही मला धास्ती वाटते. दारूच्या बाटल्यांवर रोलर फिरवतात तसा यावर फिरवला किंवा ढिगाला काडी लावली तर काय होईल, ते वर सांगितलंच आहे. आधी सेल काढायला हवेत. आणि ई-कचरा केंद्रांनी "ही कुणाची" असं न विचारता कांडी ठेवून घ्यायला हवी.

काकूंची कांडी मी टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात ठेवली आहे. ती नेऊन द्यायची कुठे, हे आपल्या अंकातून कुणी अधिकाऱ्यानं कळवलं तर बरं होईल.

आपला,
एक बॅटरी दुरुस्तीवाला