थेरपिस्टचा कोर्स निवडताना

प्रिय नंदू,

तू पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकं वाचली. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ तिन्हींवर ठळक छापलीय. शिकताना क्लायंट किती बघायला मिळणार, ते एकातही नाही. मला विचारशील तर निवड त्याच आकड्यावरून करायची.

आधी कायद्याचं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२च्या कायद्याने नोंदणीशिवाय ते काम करणं गुन्हा आहे. ‘काउन्सेलर’, ‘थेरपिस्ट’ या पाट्यांना अजून तसं पक्कं कुंपण नाही. म्हणून तर सहा शनिवार-रविवारांत डिप्लोमा देणारे इतके उगवलेत. तुझं पहिलं माहितीपत्रक त्यातलंच, ते बाजूला ठेव.

तुझं बी.कॉम. झालेलं, त्यामुळे मानसशास्त्रात एम.ए. करावंच लागेल. काही ठिकाणी बी.ए.लाही तोच विषय मागतात, ते तपासून घे. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करायचा बेत सोड: यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलेत. आरसीआयच्या नोंदणीसाठी करतात त्या क्लिनिकल एम.फिल.चे प्रवेशही २०२५-२६ पर्यंतच चालू ठेवले होते. तेव्हा जुन्या सल्ल्यावर विसंबू नकोस. ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीची आरसीआयची मान्य संस्थांची यादी उघड, आणि संस्थेच्या नावासमोर मान्यता कोणत्या सालापर्यंत आहे तेही वाच. शिवाय एक लक्षात घे, रुग्णालयातल्या क्लिनिकल प्रशिक्षणात केस हिस्टरी, चाचण्या आणि निदान यांतच बराच वेळ जातो. थेरपी त्यानंतरही वेगळी शिकावी लागते.

ती शिकायची जागा म्हणजे सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर बसून आपलं सेशन तपासणं. सेशन पन्नास मिनिटांचं. त्यातली दहा मिनिटं तू शब्दशः लिहून न्यायचीस. पानाचे दोन भाग: डावीकडे बोललं गेलेलं, उजवीकडे त्या क्षणी तुझ्या मनात आलेलं. समज, क्लायंट म्हणाली, “घरी कुणालाच सांगितलं नाहीये,” आणि गप्प झाली. तू लगेच, “होईल सगळं नीट.” सुपरव्हायझर नेमकी तिथे पेन्सिल ठेवते: धीर तिला हवा होता, की शांतता तुला सोसली नाही? हे काम वीस जणांच्या वर्गात होत नाही. चार-पाच जणांचा गट ठीक, एकास एक मिळालं तर उत्तम. आणि रोल-प्लेलाच प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचा सराव, म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मित्र रडण्याचं नाटक करतो तेव्हा तो पुढच्या आठवड्यात येईल की नाही ही धाकधूक नसते.

ब्रिटनमध्ये बीएसीपीची, म्हणजे तिथल्या समुपदेशक-थेरपिस्टांच्या संघटनेची, मान्यता असलेल्या कोर्सला निदान १०० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर लागतात. आपल्याकडेही तोच गज लाव. आठवड्याला चार क्लायंट धरले तर कागदावर पंचवीस आठवडे होतात. पण लोक ऐन वेळी रद्द करतात, परीक्षा येतात, दिवाळी येते. नऊ महिने धर. क्लायंट संस्था देणार की तूच शोधायचे, हे फी भरण्याआधी विचार. ‘तूच शोध’ म्हणणाऱ्या कोर्सचेच विद्यार्थी शेवटी नात्यातल्यांना समोर बसवतात, आणि तिथे काम बिघडतं.

सीबीटी, आरईबीटी की सायकोडायनॅमिक, थेरपीची यातली कोणती पद्धत घ्यायची, यावर आत्ताच डोकं शिणवू नकोस. खर्चात मात्र शिकताना तू स्वतः क्लायंट म्हणून घ्यायची थेरपी धर: सेशनला १,५०० धरले तर वीस सेशनचे ३०,००० होतात. फीच्या आकड्यात ते सहसा नसतात.

तिसरी संस्था त्यातल्या त्यात बरी वाटते. त्यांना फोन करून तीनच गोष्टी विचार: क्लायंटचे तास किती, सुपरव्हिजनच्या गटात किती जण, आणि सुपरव्हायझर स्वतः आज क्लायंट बघतात का. उत्तरं तोंडी घेऊ नकोस, ईमेलवर माग. आली की मला पाठव.

तुझा,
विनय