आई, चुलीपुढचे तास मोजून सांग

ती. आई-बाबांस, सा. न.

हे फोनवर बोलायला गेलं की आई "मला काय धाड भरलेय" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते, आणि बाबा पाऊस किती झाला ते सांगत बसतात. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

सध्या माझी चेस्टची पोस्टिंग चालू आहे. दमा, टीबी, न्यूमोनिया, छातीत पाणी, सगळं एकाच वॉर्डात. पहिल्या दिवशी पाठ वाजवून बघायला शिकवलं. डाव्या हाताचं मधलं बोट पेशंटच्या पाठीवर घट्ट टेकवायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायचं, आत हवा असली की पोकळ वाजतं, पाणी झालं असेल तर एकदम बद्द. बाकीची मुलं चेहरे पाडून उभी होती, कोणाला फरकच कळेना, मला मात्र लगेच कळला, कारण बाबा फणस वाजवून "अजून चार दिवस राहू दे" म्हणतात ते लहानपणापासून ऐकतेय ना. सरांना हे सांगितलं तर ते खूप हसले. म्हणाले ही रीत काढणारा ऑएनब्रुगर म्हणून ऑस्ट्रियातला डॉक्टर होता, खानावळवाल्याचा मुलगा, बापाला दारूची पिंपं वाजवून किती भरलंय ते बघताना बघितलं होतं म्हणे, १७६१ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्याची पिंपं, आपले फणस!

पण पत्राचं कारण वेगळंच आहे.

वॉर्डात एक आजी आहेत, खाडीपलीकडच्या. धाप लागते, बोलताना वाक्य अर्ध्यात तोडावं लागतं. हिस्ट्री घेताना मी विडी-तंबाखू विचारलं, त्यांनी कानाला हात लावले, कधीच नाही, मिसरीसुद्धा नाही. मी कागदावर 'धूम्रपान नाही' लिहून मोकळी झाले. मॅडमनी ते वाचलं आणि माझ्याकडे न बघता आजींना विचारलं, "आजी, स्वयंपाक कशावर करता?" आजी म्हणाल्या चुलीवर, आणखी कशावर. मग मॅडमनी मला हिशोब करायला लावला. चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षं. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांचा कसा रोजच्या नगांवर आणि वर्षांवर हिशोब मांडतात, तसाच हा चुलीचा.

रात्री होस्टेलला येऊन मी तुझा मांडला. सकाळी न्हाणीतलं पाणी, मग पेज, भाकऱ्या, संध्याकाळी परत, धरून चार तास. लग्न होऊन आलीस त्याला ३१ वर्षं. १२४ झाले, आणि यात माहेरची वर्षं धरलीच नाहीत. बाबांनी विडी सोडली माझ्या दहावीच्या वर्षी, तेव्हा आपल्या सगळ्यांना वाटलं घरातला धूर गेला. गॅस आहे, पण तो चहाला आणि पाव्हण्यांना, एक सिलिंडर चार-चार महिने पुरवतेस आणि वर शेजारी ते कौतुकाने सांगतेस. त्यात आता पाऊस, लाकडं ओली, चुडतं सादळलेली, म्हणजे जाळ कमी आणि धूरच जास्त.

आणि आई, पाखाडी. देवळातून वर येताना तू तिसऱ्या वळणावर रातांब्याखाली थांबतेस आणि "मागून कोण येतंय बघते" म्हणतेस. दोन वर्षांपूर्वी थांबत नव्हतीस. आमच्याकडे धापेचे ग्रेड असतात, त्यात चढणीवर दम लागणं वेगळं आणि सपाटीवर बरोबरच्या माणसांच्या मागे पडणं त्याच्या पुढचं. मला आठवतंय, मे महिन्यात किनाऱ्यावर तू काकूच्या मागे पडत होतीस आणि आम्ही म्हटलं शंख-शिंपले बघतेय.

आता बाबा म्हणणार ही जी पोस्टिंग असेल तो आजार घरात शोधते. खरंय, हार्टच्या पोस्टिंगला तुमच्या मागे लागले होते आणि शेवटी निघाली ॲसिडिटी. आईचंही रक्त कमी असू शकतं, दुसरं काही असू शकतं. म्हणून तर तपासायचंय. नळीत फुंकायची टेस्ट असते, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावून पूर्ण श्वास घ्यायचा आणि जोर लावून सोडायचा, सोडतच राहायचा. पहिल्या एका सेकंदात किती हवा आली भागिले एकूण किती आली. औषध ओढून परत फुंकल्यावरही ते ०.७ च्या खाली राहिलं तर श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात. सीओपीडी म्हणतात त्याला, या आजारात हवा आत जाते पण नीट बाहेर पडत नाही. सुई नाही, काही नाही. झालेलं नुकसान भरून येत नाही हेही सांगते, खोटं कशाला बोलू, पण धूर थांबला तर पुढचं वाचतं.

बेडकाही तपासू. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीसाठी बघायचंच असतं, घाबरू नकोस, आणि तुझा तर गणपतीपर्यंत चालू राहील की काय असं बाबा जूनपासून म्हणतायत.

बाबा, "पंप लागला म्हणजे माणूस संपला" हे आईपुढे परत बोलू नका. सालब्युटामॉल म्हणजे नळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाचे ४० झटके, कारण एका झटक्यात १०० मायक्रोग्रॅमच असतं. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, पंपाचं औषध थेट नळ्यांत जातं. जास्तीचं कोणतं ते तुम्हीच सांगा.

एक गंमत सांगायची राहिली. त्या आजींना फिजिओवाल्या ताई शिकवत होत्या, धाप लागली की ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडा, त्याने नळ्या मिटत नाहीत. आजींना काही जमेना. मी म्हटलं, आजी, फुंकणी धरलेय समजा. एका फटक्यात जमलं! मी पण हसले, मग बाहेर जाऊन जरा उभी राहिले.

तर एकदा चाकरमानी आले की तुला चुलीपुढून उठायला मिळणार नाही, त्याच्या आधी या. बुधवारी ओपीडी असते. मंगळवारी तवसाळहून बोट चालू असेल तर जयगडला उतरा, मी स्टँडवर येते. न्हाणीतलं पाणी तोवर बाबांनी तापवा, गॅसवर. आणि आई, माझ्यासाठी काही करून आणणार असशील तर तेही गॅसवरच कर, चुलीवरच्या भाकरीची चव नसली तरी मी खाईन.

तुमची,
बाय