भोक मोठे म्हणून डबा कुठेही चालतो असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या शिकारी रायफलींवर लेख आला होता. ‘मोठ्या कॅलिबरचा एक सायलेन्सर घेतला की तो घरातल्या सगळ्या रायफलींवर चालतो आणि गोळीचा आवाज येत नाही,’ असे त्यात ठणकावून लिहिले आहे. (कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचे माप.) या वाक्याचा पहिला भाग अर्धवट खरा, दुसरा साफ खोटा. मी फौजेत ईएमईचा, म्हणजे यंत्रे-हत्यारे दुरुस्त करणाऱ्या शाखेचा, आर्मरर (हत्यारांचा कारागीर) होतो. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या रायफली उघडण्यात, तपासण्यात आणि जोडण्यात गेली. आता कळव्यात राहतो. सोसायटीतली दोन कॉलेजची मुले तो लेख घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा म्हटले आपल्यालाच लिहावे.

खरे काय ते आधी सांगतो. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा पोकळ डबा. आत एकामागे एक पडदे आणि प्रत्येक पडद्याला मधोमध भोक. गोळीमागून येणारा तापलेला वायू एकदम बाहेर न फुटता त्या कप्प्यांत पसरतो, थोडा निवतो आणि मग बाहेर पडतो. टायर फुटणे आणि व्हॉल्व्ह दाबून हवा सोडणे यात जो फरक, तोच इथे. १९०९ साली अमेरिकेत हिराम पर्सी मॅक्झिमने याचे पेटंट घेतले. मशिनगन काढणाऱ्या मॅक्झिमचा हा मुलगा. इंजिनाच्या एक्झॉस्टसाठीही त्याने हीच युक्ती वापरली. (घोडबंदर रोडवर रात्री बुलेटचे सायलेन्सर काढून फिरणाऱ्यांना हा इतिहास कुणीतरी ऐकवायला हवा.)

पडद्यांचे भोक गोळीहून मोठे असले की गोळी अडत नाही. ५.५६, .३०८ आणि .३३८ लापुआ ही रायफलीच्या काडतुसांची नावे. ५.५६ ची गोळी ५.७ मिलिमीटर जाड, .३०८ ची ७.८, .३३८ लापुआची ८.६. म्हणजे .३३८ साठी केलेल्या डब्यातून या तिन्ही गोळ्या जातात. बारीक गोळीच्या भोवतीने वायूला जास्त वाट मिळते, म्हणून आवाज त्या मानाने थोडा कमी दबतो. तेवढा तोटा लोक सोसतात. अमेरिकेत १९३४ पासून अशा प्रत्येक नगावर २०० डॉलर कर होता आणि कागदपत्रांचा पाठलाग वेगळा, त्यामुळे ‘एकच घ्या, मोठा घ्या’ हा हिशेब तिथे रुजला. तो कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र सुटलेली नाही.

उलटा प्रकार कधीही करू नये. लहान भोकाच्या डब्यातून मोठी गोळी सोडली तर पडदे फाटतात, डबा फुटतो, आणि शेजारी पडून नेम धरणाऱ्या जवानाचे काय होईल ते सांगायला नको.

पण भोक बसले म्हणजे काम झाले नाही. .४५ पिस्तुलाच्या सायलेन्सरचे भोक .३३८ पेक्षाही मोठे असते. तो रायफलीवर चढवून पाहा, किंबहुना पाहूच नका. तो पिस्तुलाच्या दाबासाठी केलेला असतो. रायफलीच्या दाबापुढे ते अ‍ॅल्युमिनियम किती टिकणार? नळी आखूड असेल तर तोंडाशी दाब आणखी वाढतो, म्हणून एकच काडतूस लांब नळीच्या रायफलीत चालते आणि आखूड नळीच्या रायफलीत डब्याला जड जाते. बनवणारा कोणत्या काडतुसाला आणि किती लांबीच्या नळीला हो म्हणतो, ते वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

मग आटे. ५.५६ च्या बऱ्याच नळ्यांना अर्धा इंच जाडीवर इंचाला २८ आटे, .३०८ ना पाच अष्टमांश इंच जाडीवर इंचाला २४, आणि जुन्या एकेएमला (एके-४७ च्याच घराण्यातली रायफल) १४ मिलिमीटरचे डावे, म्हणजे उलटे फिरणारे आटे. अडॅप्टर मिळतात, पण प्रत्येक अडॅप्टर म्हणजे तिरके बसण्याची आणखी एक संधी. आटे नळीच्या मध्याशी जुळलेले नसले तर डबा केसभर कलतो आणि गोळी शेवटच्या पडद्याला घासते. म्हणून पहिली गोळी झाडण्याआधी नळीतून सरळ सळई घालून ती डब्याच्या मधोमध बाहेर येते का, ते डोळ्यांनी बघायचे. एकेच्या बाबतीत तर दोनदा बघायचे. तिची गोळी ७.६२ म्हणवते, पण एसएलआरच्या (आपल्या फौजेची जुनी रायफल) ७.६२ हून किंचित जाडच भरते.

यापुढची गोष्ट लेखक मंडळी कधीच लिहीत नाहीत, आणि आमचा सगळा जीव तिच्यातच अडकलेला असतो: झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी रायफलीची जुळवणी. नळीच्या टोकाला अर्धा किलो लटकला की नळीचे कंपन बदलते आणि गोळी दुसरीकडे लागते. किती आणि कुठे, ते रायफलीगणिक वेगळे. एकीवर ग्रुप (निशाणावरच्या गोळ्यांचा पुंजका) दोन बोटे खाली येईल, दुसरीवर उजवीकडे सरकेल. म्हणजे एक डबा चार रायफलींवर फिरवायचा तर प्रत्येकीचा डब्यासह आणि डब्याविना असा दुहेरी झीरो लिहून ठेवायला हवा, आणि डबा दर वेळी त्याच घट्टपणे बसायला हवा. कोतीत (हत्यारांच्या कोठारात) एक नग वाचला म्हणून सामान सांभाळणारा क्वार्टरमास्टर खूश होतो, वही आर्मररला सांभाळावी लागते. माझे मत विचाराल तर, जिच्यावर लांबचा अचूक मारा करायचा तिचा डबा तिचाच असावा.

गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे गोळीमागच्या वायूच्या जोरावर पुढचे काडतूस आपणच भरणाऱ्या रायफलींत आणखी एक भानगड. डब्यामुळे वायू नळीत रेंगाळतो, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जोरात मागे येतो, धूर डोळ्यांत जातो. मोठ्या भोकाच्या डब्याचा इथे उलट फायदा होतो. एसएलआरचा गॅस रेग्युलेटर, म्हणजे वायू कमी-जास्त करणारी चावी, फिरवून जुळवता येत असे, एकेला ती सोयच नाही.

आता ‘आवाज येत नाही’बद्दल. एसएलआरच्या ७.६२ नाटोची गोळी सेकंदाला साधारण ८४० मीटर जाते, ध्वनी ३५० च्या आत. ध्वनीहून वेगाने जाताना जो कडाका उठतो तो गोळी स्वतः हवेत करते, डब्याचा त्याच्याशी संबंध नाही. डबा तोंडाचा स्फोट १६० डेसिबलच्या वरून १३०-१४० पर्यंत आणतो. हेही कानाला लागतेच. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीकडे असतो. माझाही डावाच गेला आहे.

आणि मुख्य गोष्ट तर लेखात नाहीच. आपल्या शस्त्र नियमांनी आवाज किंवा ज्वाला दाबणारे साहित्य पहिल्याच, म्हणजे सर्वांत कडक वर्गात टाकले आहे. ठाण्यातल्या परवानाधारकाला ते मिळत नाही. ऑलिम्पिकच्या वाटेवर असलेल्या नेमबाजालाही त्याचा उपयोग नाही, कारण रायफलीच्या तोंडावर कॉम्पेन्सेटर किंवा ब्रेक (झटका आणि नळीचे उसळणे कमी करणारी टोपणे) लावायलाही आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे.

तेव्हा त्याच पानावर खुलासा छापावा. ‘सगळ्या रायफलींवर’ आणि ‘आवाज येत नाही’ हे दोन्ही काढा, आणि भारतात ही वस्तू साध्या परवान्यावर बाळगता येत नाही हे ठळक अक्षरांत घाला.

आपला,
एक निवृत्त हवालदार (आर्मरर), कळवा, ठाणे