रेडलाइनच्या आत गिअर बदलणं म्हणजे अब्यूझ नाही: गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर आणि वॉरंटी विभाग

विषय: तिसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणारा भाग) गेला, क्लेम रिजेक्ट केला, त्याबद्दल

नमस्कार,

तुमच्या पुण्यातल्या ऑथराइज्ड वर्कशॉपने माझा गिअरबॉक्सचा क्लेम नाकारलाय आणि जॉब कार्डवर कारण लिहिलंय "ग्राहक हाय आरपीएमवर गिअर बदलतो, अब्यूझ". हे कारण मला अजिबात मान्य नाही. ॲडव्हायझरला तोंडी सांगून झालं, पण तो "सर, तीन हजारच्या वर नेऊच नका" एवढंच धरून बसला, म्हणून आता लेखी देतोय, आणि जरा लांबणार आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

गाडी पूर्ण स्टॉक आहे. रीमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमधला बदल) नाही, शॉर्ट शिफ्टर (कमी अंतरात गिअर बदलणारा लिव्हर) नाही, एक्झॉस्टसुद्धा तुमचाच. टर्बो पेट्रोल, 6 स्पीड मॅन्युअल, आणि परफॉर्मन्स मॉडेल म्हणून तुम्ही नेहमीच्या मॉडेलपेक्षा चांगले जास्त पैसे घेतलेत. तुमच्याच ब्रोशरमध्ये कमाल पॉवर 6000 आरपीएमला छापलीय, मीटरवरचा लाल पट्टा, म्हणजे रेडलाइन, 6500 ला सुरू होतो. मग 6000 पर्यंत सुई नेली की अब्यूझ कसा होतो? दुसऱ्या गिअरमध्ये 6500 ला गाडी शंभरच्या आतच असते, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची कारसाठीची लिमिट घाट सोडून 100 आहे, म्हणजे टोलनाका सोडून वेग घेताना दुसरा पूर्ण ओढून तिसरा टाकला तरी कायदा मोडत नाही आणि तुमचं मॅन्युअलही मोडत नाही.

प्रॉब्लेम असा आहे की 5500 च्या वर दुसऱ्यातून तिसरा टाकला की खर्रर्र आवाज येतो आणि दात घासल्याची थरथर लिव्हरमधून थेट तळहाताला लागते. खाली 3000 ला टाकला तर काही नाही. बाकीचे गिअर वरच्या आरपीएमला पण स्वच्छ पडतात.

आता अब्यूझबद्दल. तुमच्या लोकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. एक म्हणजे रेडलाइनच्या आत वरचा गिअर टाकणं. मॅन्युअलमध्ये दुसऱ्याचा रेशो 1.9 आणि तिसऱ्याचा 1.3 दिलाय, म्हणजे 6500 ला शिफ्ट केलं की इंजिन साधारण 4450 वर येतं. तेवढ्या वेळात क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टचा वेग दोन हजारांनी खाली आणायचं काम सिंक्रोच्या पितळी रिंगचं, ती त्याचसाठी बसवलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे चुकून खालचा गिअर पडणं. तिसऱ्यात 6500 ला असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सोडला की चाकं इंजिनला साडेनऊ हजारांवर ओढून नेतात, रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही कारण तो फक्त फ्युएल कट करतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन त्याला थांबवता येत नाही. त्यात व्हॉल्व्ह स्प्रिंग मागे पडतात, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, इंजिन उघडावं लागतं. याला अब्यूझ म्हणा, माझी हरकत नाही. पण तसं झालं असतं तर इंजिनवर खूण दिसली असती ना? तुमच्याच टेक्निशियनने माझ्यासमोर कॉम्प्रेशन टेस्ट केली, चारही सिलिंडर सारखे आले. स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नाही. पोर्शच्या ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याच्या, नोंदी राहतात आणि जुनी गाडी घेणारे त्या आवर्जून बघतात, तुमच्या ईसीयूमध्ये तशी नोंद असेल तर ती काढून दाखवा, मी तयार आहे.

आणि मी गिअर कसा टाकतो तेही लिहितो. लिव्हर मुठीत आवळून स्वतःकडे ओढत नाही. दुसऱ्यातून न्यूट्रलला आणायचा, हात सैल ठेवायचा, गेटची स्प्रिंग लिव्हरला आपोआप मधल्या लाइनीत आणते, मग उघड्या तळहाताने सरळ पुढे ढकलायचा. घाईत स्वतःकडे तिरका ओढला की तिसऱ्याऐवजी पाचवा शोधला जातो, आणि इंजिन माउंट ढिले असतील तर जोरात ओढताना इंजिन हलून लिंकेज पण सरकतं, म्हणून माउंट पण चेक करून घेतले, ठीक आहेत. क्लच पूर्ण तळापर्यंत, खाली मॅट अडकत नाही, ॲक्सिलरेटर आधी सोडलेला, गिअर ऑइल गरम झाल्याशिवाय गाडी ताणत नाही. यापेक्षा सांभाळून मॅन्युअल गाडी कशी चालवायची ते तुम्हीच सांगा.

क्लच ड्रॅग असेल, म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, असंही वर्कशॉपमधला एकजण म्हणाला. त्याचीही टेस्ट झालीय. या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो नाही, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तर गपचूप पडतो, ड्रॅग असता तर तिथेच ओरडला असता. उलट वरच्या आरपीएमला डबल क्लच करून (न्यूट्रलमध्ये एकदा क्लच सोडून परत दाबून) तिसरा टाकला की आवाज पूर्ण बंद होतो. सिंक्रोचं काम पायाने केलं की आवाज जातो, म्हणजे दोष कुठे आहे हे उघड आहे.

आणि आता मुख्य मुद्दा, जो वर्कशॉपमध्ये कोणी ऐकूनच घेतला नाही. मागच्या सर्व्हिसला ड्राइव्हशाफ्टचं ऑइल सील लीक होतं म्हणून तुमच्याच लोकांनी गिअरबॉक्सचं ऑइल काढून नवीन भरलं. मॅन्युअलमध्ये 75डब्ल्यू-80 (ऑइलचा जाडपणा), जीएल-4 (ऑइलचा दर्जा) लिहिलंय. बिलावर आहे 80डब्ल्यू-90, जीएल-5. हे ऑइल हायपॉइड डिफरन्शियलसाठी (चाकांना ताकद वाटणाऱ्या, दात जोरात घासणाऱ्या गिअरसाठी) बनवलेलं असतं, सिंक्रोच्या रिंगला गिअरच्या शंकूसारख्या भागावर पकड घ्यायला घर्षण लागतं आणि यात ती पकडच कमी पडते, शिवाय त्यातली गंधक-फॉस्फरसची ॲडिटिव्ह पितळेला खाऊ शकतात, म्हणूनच मॅन्युअलमध्ये ग्रेड एवढी स्पष्ट छापलेली असते. आवाज त्या सर्व्हिसनंतर सुरू झाला. त्याआधी हाच ड्रायव्हर, हेच आरपीएम, हाच तिसरा गिअर, काहीही तक्रार नव्हती. बिलाची कॉपी सोबत जोडलीय, ऑइलच्या ओळीखाली पेनने रेघ मारलीय.

त्यामुळे माझी मागणी साधी आहे. गिअरबॉक्स उघडा, तिसऱ्याची रिंग, हब आणि स्लीव्ह वॉरंटीत बदला, बरोबर ग्रेडचं ऑइल भरा, काढलेले पार्ट मला दाखवा. जॉब कार्डवरचा "अब्यूझ" हा शेरा लेखी मागे घ्या, कारण उद्या गाडी विकताना सर्व्हिस हिस्टरीत तो दिसणार आणि पुढच्या प्रत्येक क्लेमला तोच पुढे केला जाणार. आणि अजून एक, हे फक्त माझ्यासाठी नाही. परफॉर्मन्स मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक गिअरचा कमाल वेग छापा, म्हणजे कितीच्या वर दुसऱ्यात डाउनशिफ्ट करायचाच नाही हे नव्या मालकाला कळेल. आत्ता ब्लूटूथ कसं जोडायचं याला चार पानं आहेत आणि यावर एक ओळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा अशी गाडी घेणारी पोरं आहेत, चौथ्यातून पाचवा टाकताना घाईत तिसरा पडला तर काय होतं हे त्यांना कुठेच वाचायला मिळत नाही, आणि मग भर वेगात पुढची चाकं लॉक झाल्यासारखी होऊन गाडी हातातून जाऊ शकते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवणार आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, कागद सगळे तयार आहेत. तोपर्यंत गाडी मी 4000 च्या आत चालवतोय, रिंग आणखी झिजू नये म्हणून.

कळावे,
आपला ग्राहक, पुणे

सोबत: जॉब कार्ड, ऑइलचं बिल, मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो, आवाजाचा व्हिडिओ