सील शाबूत, शिक्का तारखेत, काटा मात्र खोटा

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
वजनमापे व ग्राहक संरक्षण खाते

महोदय,
सादर नमस्कार.

मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. अर्ज-विनंत्या लिहिण्याची सवय नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

मागच्या महिन्यात एक काटा माझ्या टेबलावर आला. तक्रार एवढीच की आकडे पुसट दिसतात. डिस्प्ले बदलला आणि सवयीने वर पाच किलोचे प्रमाण वजन ठेवले. काट्याने दाखवले ५.१५५. उचलले, पुन्हा ठेवले. तेच. काटा उलटा करून पाहिला तर शिशाचे सील जागच्या जागी, तार अखंड, पडताळणीचा शिक्का याच वर्षाचा. म्हणजे कागदोपत्री काटा निर्दोष, आणि गिऱ्हाइकाला किलोमागे तीस ग्रॅम कमी. मालकाला विचारले तर म्हणाला, "का? शून्य बरोबर येतंय की!"

गिऱ्हाईकही तेच पाहते. वर काही नसताना शून्य दिसले की त्याचे समाधान होते. पण शून्य खरे ठेवून पुढचा प्रत्येक आकडा फुगवता येतो, हे त्याला कोण सांगणार?

जुन्या तराजूची खोट निदान उघड्यावर होती. पारड्याखाली चिकटवलेला चुंबक असो की दांडीचा आखूड हात, शंका आली की म्हणायचे, "पारडी बदला." मालाच्या जागी वजन, वजनाच्या जागी माल ठेवला की पासंग तिथल्या तिथे उघडा पडायचा. ही परीक्षा अडाणी माणसालाही घेता येत होती. इलेक्ट्रॉनिक काट्याला बदलायला दुसरे पारडेच नाही. आत लोडसेल असतो. भाराने तो किंचित वाकतो, त्यातून येणारा विजेचा बारीकसा संकेत एका गुणकाने गुणून ग्रॅम दाखवले जातात. तो गुणक बदलला की काटा मारला! बोट लावायला नको की चुंबक चिकटवायला नको.

मग तो गुणक बदलण्याची सोयच काढून टाका, असे कोणी म्हणेल. ते जमणार नाही. हा काटा वस्तुमान मोजत नाही, भार मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अर्धा टक्का फरक पडतो, म्हणजे किलोला पाच ग्रॅम. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवून घ्यावा लागतो. सोय हवीच. प्रश्न एवढाच की ती वापरल्याची खूण कुठे राहते का. बऱ्याच काट्यांत सील बसते ते तळाच्या स्क्रूवर, आणि गुणक बदलतो वरच्या कळा एका क्रमाने दाबून. पुढचे दार उघडे आणि कुलूप मागच्या दाराला.

तीस ग्रॅम म्हणजे किरकोळ, असे कुणाला वाटू नये. पाच-पाच ग्रॅमने आकडा सरकणाऱ्या साध्या व्यापारी काट्याला एका किलोवर पडताळणीच्या वेळी अडीच आणि वापरात असताना पाच ग्रॅमपर्यंत चूक चालते, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तीस म्हणजे त्याच्या सहापट. आणि खोट नेहमी ज्याच्या हाती काटा त्याच्या बाजूची. माल विकत घेणाऱ्याचा भुईकाटा असेल तर तोच आकडा फुगायचा सोडून आक्रसतो.

कायदा नाही असे मी म्हणत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दर चार महिन्यांनी वजनमापांवर फेरशिक्का सांगितला आहे, आणि बिनशिक्क्याच्या मापाला सव्वासत्तावीस 'पण' (त्या काळचे नाणे) दंड. आपले निरीक्षकही दंड करतात, पण बहुधा कुणाला? ज्याच्या शिक्क्याची तारीख उलटली त्याला. तारीख वाचायला डोळे पुरतात; खोटा काटा पकडायला वजनांची पेटी घेऊन हिंडावे लागते. त्यामुळे काटा खरा पण शिक्का जुना, असा विसरभोळा माणूस सापडतो आणि माझ्या टेबलावरचा काटा सुटतो.

उपाय नवा नाही. काट्याच्या प्रोग्रॅममध्ये एक मोजणी ठेवता येते. गुणक बदलला की ती एकाने वाढते, आणि मागे नेता येत नाही. आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या शिफारस क्रमांक ७६ मध्ये ही सोय आहे, काही काट्यांत ती आजही असते. फक्त गिऱ्हाइकाला तिचा पत्ता नसतो. माझी मागणी अशी: पडताळणीच्या वेळी असलेला तो आकडा शिक्क्याशेजारी ठळक लिहावा, आणि एक कळ दाबली की काट्यावर दिसावा. दोन्ही जुळले नाहीत तर फेरपडताळणी होईपर्यंत काटा बंद. वजनांची पेटी नको, तांत्रिक ज्ञान नको. दोन आकडे वाचता आले की झाले.

यात माझ्या धंद्याचीही अडचण आहे, ते सांगून टाकतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर आकडा वाढेल आणि मला निरीक्षकाची वाट पाहावी लागेल. पाहीन. आतला बोर्डच बदलणारे महाभागही निघतील. त्यांच्यासाठी बोर्डावर सील आणि पडताळणीत प्रोग्रॅमच्या आवृत्तीची नोंद लागेल. पण आज जे मिनिटभरात आणि बिनबोभाट होते, ते निदान महाग तरी पडेल.

त्या काट्याचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. फेरपडताळणीशिवाय परत देणार नाही म्हटल्यावर मालक तो उचलून घेऊन गेला. मी तक्रार दिली. निरीक्षक पोहोचेपर्यंत काटा पाच किलोला बरोबर पाच किलो दाखवत होता, आणि मधे गुणक बदलला होता याची नोंद काट्यात कुठेच नव्हती. शिक्का अजून सात महिने चालेल.

आपला,
एक काटे दुरुस्तीवाला