परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र: माझा ट्रक 'नुसता जुना' कसा?

मा. परिवहनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माझ्याकडे १९६६ची टाटा-मर्सिडीज आहे. मोटार नव्हे, ट्रक. गेल्या मंगळवारी आपल्या खात्याच्या एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की याची व्हिंटेज, म्हणजे वारसा म्हणून जपलेली जुनी गाडी, अशी नोंद होणार नाही. एकतर मालवाहू गाडी म्हणून फिटनेसचा दाखला काढा, नाहीतर भंगारात द्या. खिडकीतल्या साहेबांचे शब्द जसेच्या तसे देतो: "बाबूजी, ट्रक विंटेज नहीं होता, पुराना होता है." मागे उभे असलेले एजंट हसले. मीही हसलो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी खिडकीपुढे दुसरं काय करणार?

याच जानेवारीत इंदुरात जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन झालं. तिथे आपल्याच खात्याचे एक अधिकारी माइकवरून म्हणाले होते, "ट्रकवाल्यांनीही अर्ज करावेत, आम्ही मार्ग काढू." टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या. त्या परत मिळाव्यात, ही पहिली मागणी.

नियम मी वाचलाय, त्या अधिकाऱ्यांनी वाचला होता की नाही ठाऊक नाही. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची सोय झाली. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली, धंद्याला न लावलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण बसते कोणती गाडी? दुचाकी आणि प्रवासी मोटार. संपलं. म्हणजे संस्थानिकांची शिकारीची गाडी हा वारसा, आणि त्यांच्या रयतेचा कापूस-गहू ज्यानं वाहिला तो कबाड.

आता जरा माझं ऐका. माझे वडील इथल्या सियागंज बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मुनीम होते. हा ट्रक त्याच मालकाचा. इथून आग्रा-मुंबई रस्त्यानं सेंधव्याचा घाट उतरून धुळे, नाशिक, मुंबई. येताना किराणा, जाताना गाठी. अनंत चतुर्दशीला याच्यावर कापडमिलची झांकी, म्हणजे सजवलेला देखावा, चढायची आणि आम्ही रामबागेतली पोरं रात्रभर जागून 'आपला ट्रक' कधी येतो याची वाट बघायचो. पुढे मिला बंद पडल्या, मालकाचा धंदा बसला, आणि मी रिटायर झालो त्याच महिन्यात समजलं की ट्रक लोहामंडीत भंगाराच्या वजनावर निघालाय. गॅस कटर आणून ठेवला होता हो! मी ग्रॅच्युइटीतले पैसे मोजले. घरी सांगितलं ते तिसऱ्या दिवशी.

तेव्हापासून दहा वर्षं गेली. डिझेल पंप तीन वेळा पंपवाल्याकडे जाऊन आला. किंगपिन, बुश, ब्रेक लायनर, स्लीव्ह-पिस्टन सगळं केलं. मागचे स्प्रिंगचे पाटे बसवताना एक निसटला, त्यात डाव्या करंगळीचं पेर गेलं. कंबर तर कायमची गेली. बायको म्हणते, "अहो, पोरीच्या लग्नाला एवढे धावला नव्हतात." खरं आहे, तिच्या लग्नात सामान तरी बाजारात मिळत होतं.

पण ज्या दिवशी तो सुरू झाला तो दिवस तुम्ही बघायला हवा होता. डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती, ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. मिस्त्री इंजिनवरचा डिझेलचा हँडपंप मारतोय, मी फिल्टरचा बोल्ट अर्धा आटा सैल करून बोटानं चाचपतोय. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय डिझेलची अखंड धार. बोल्ट आवळला, सेल्फ मारला. पहिले दोन सिलिंडर खोकले, मग सहाही. धुरानं गल्ली भरली, आणि सारखी तक्रार करणारे शेजारचे काका मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला धावले.

आणि हे 'मूळ रूप' म्हणजे काय, तेही कुणीतरी ठरवा. त्या काळी कंपनीकडून नुसती चेसिस, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, यायची. पुढे इंजिन, बॉनेट आणि काच बसवायची चौकट. केबिन आणि माल भरायचा डाला गावचा सुतार-लोहार बांधायचा. मग मूळ कोण, जमशेदपूर की आमचा सुतार? माझं केबिन जुन्या मापानं सागवानात बांधलंय. उद्या ट्रकांना नियम लागू केलातच, तर तुमचा इन्स्पेक्टर म्हणेल बॉडी बदलली, व्हिंटेज रद्द.

बरं, मालवाहू गाडी म्हणून फिटनेस काढू म्हटलं, तर २०२२च्या एप्रिलात पंधरा वर्षांवरच्या जड गाडीची फी १२,५०० झाली होती. वर क्लार्कनं सांगितलं, मुदत संपल्यापासून दिवसाला पन्नास रुपये उशिराचे. वर्षाचे १८,२५०. मुदत संपून नऊ वर्षं, म्हणजे १,६४,२५०. हिशेब चुकला असेल तर सुधारा, पण मी ट्रक त्याहून स्वस्तात घेतला होता! आणि जो फक्त रविवारी सकाळी वीस मिनिटं जागेवर धडधडतो, त्याला धंद्याच्या गाडीची फी? एक पोतं तरी वाहिलंय का त्यानं?

तुम्हाला प्रदूषणाची काळजी आहे, मान्य. मग रात्री बायपासला उभे राहा. टेललॅम्प नसलेल्या ट्रॉल्या आणि फळ्यांवरून ओसंडणारे रेतीचे डंपर मोजा. ते पास होतात, कारण त्यांचा एजंट आहे. माझ्याकडे फक्त अर्ज आहे. या देशात गाडी कागदावर धड असली की झालं, खालून चाक निखळलं तरी चालतं.

आपल्याच दारात बघा. इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंड हा जुना मीटरगेज (अरुंद रुळांचा) मार्ग जपून रेल्वेनं हेरिटेज गाडी केली. रेल्वेला कळतं ते रस्त्याला का कळू नये? ब्रिटनमध्ये धंद्याला न लावलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही, आणि लंडन ते ब्रायटन जुन्या लॉऱ्यांची फेरी १९६२पासून निघते. तिथल्या लॉऱ्या काय अत्तर वाहत होत्या?

मागणी साधी आहे. त्या नियमात धंद्याला न लावलेल्या मालवाहू गाडीचा प्रवर्ग घाला, आणि तोवर माझ्या ट्रकला भंगाराची नोटीस चिकटवू नका.

शेवटी एक राहिलंच. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट मागितला होता. रॉकेल लावून, वायर ब्रशनं गंज काढून, तासभर ट्रकखाली उताणा पडून कागदावर घासून काढलाय. सोबत जोडतो. चौथा आकडा ३ आहे. तुमच्या कार्यालयानं ८ लिहिलाय, आणि आता दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी आणि नवा पेन्सिल प्रिंट मागतायत.

आपला,
एक ट्रकवाला
रामबाग, इंदूर